खिशातला आवाज

माझ्या नवऱ्याचा आवाज त्याच्या शर्टाच्या खिशात असायचा. हे मी लाक्षणिक अर्थाने म्हणत नाही. आयुष्यभर तंत्रनिकेतनात पोरांना कॉम्प्युटर शिकवला, मला लाक्षणिक काही सुचतच नाही. खिशात एक साधा बटणांचा फोन, फोनात जावामध्ये लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम आणि त्या प्रोग्रॅममध्ये जिवंत माणसाचा आवाज. सातपूरला आमच्या कॉलनीत समोरून कोणी 'जय भीम' म्हणत आलं की हा उजवा हात छातीवर नेई, कापडावरूनच अंगठ्याने एकचं बटण दाबी, आणि खिशातून त्याचाच खणखणीत आवाज येई, "जय भीम!" समोरच्याला थांबावं लागत नसे. याचं असंच असतं, जय भीम लगेच परत करावा लागतो. माणूस पुढे निघून गेल्यावर त्याच्या पाठीला केलेला कुणाच्या कामाचा नाही.

त्याचा घसा गेला तो कॅन्सरने. तंबाखूचं काय सांगायचं, त्याच्या कारखान्यात पुडी नसलेला खिसा शोधावा लागे. स्वरयंत्र काढावं लागणार असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो नुसता बसून राहिला, आणि मला आजारापेक्षा त्या गप्प बसण्याचीच जास्त भीती वाटली. हा माणूस गप्प बसणाऱ्यांतला नव्हे. चांदवडकडच्या खेड्यातून आलेला, कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशॉपमध्ये उमेद घालवलेला. मशीनच्या धडधडीवरून ओरडायची सवय अशी जडलेली, की घरात याने मीठ मागितलं की शेजारीण वाटी घेऊन दारात उभी. रविवारी विहारात वंदना सांगायला हाच पुढे. तो एक ओळ म्हणे, मागून सगळी कॉलनी म्हणे. माइकची गरज त्याला कधी लागली नाही. वीज गेली तरी आमची वंदना चालू, असं लोक कौतुकाने म्हणत.

ऑपरेशनला थोडे दिवस हातात होते. आवाज साठवून ठेवायची कल्पना माझी, पण काम दोघांनी केलं, मी आणि माझ्या धाकट्या भावाने.

भावाबद्दल आधी सांगते, कारण पुढे जे लिहायचंय ते त्याच्याबद्दलच आहे. तो डिप्लोमाला आमच्याकडेच राहिला. सकाळी त्याला स्कूटरवर मागे बसवून कॉलेजच्या फाटकाशी सोडायचं आणि मग पाळीवर जायचं, हे नवऱ्याने सगळी वर्षं केलं, कधी तोंड वाकडं न करता. जावा त्याला मीच शिकवली, आमच्या जेवणाच्या टेबलावर, भाजी निवडता निवडता. पुण्याला पहिल्या मुलाखतीला तो टाय लावून निघाला तेव्हा नवरा दारातून ओरडला होता, "काय साहेब, जेवले का?" टाय लावलेला माणूस उपाशीपोटी निघालेला त्याला बघवत नव्हता. तेव्हापासून भाऊ आमच्या दारात आला की हे वाक्य ठरलेलं. भाऊ पुढे खरंच साहेब झाला, फोन बनवणाऱ्या एका कंपनीत लागला, तरी वाक्य तेच राहिलं. फक्त त्यातली थट्टा कमी होऊन अभिमान वाढला.

तर आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसलो. पंखा बंद, खिडक्या बंद. मी आपलं शहाणपण करून रेकॉर्ड करायची वाक्यं ठरवली होती: पाणी हवं, औषध द्या, दुखतंय, डॉक्टरांना बोलवा. नवऱ्याने ती ऐकली आणि भडकला.

"हे काय? मी काय खाटेवर पडायला चाललो का? पाणी मला हातानं घेता येतंय. दुखलं तर तोंडावर दिसंल तुला. मला लोकांशी बोलायचंय!"

तो बरोबर होता. मग त्यानेच ठरवलं. एकवर जय भीम. दोनवर हो. तीनवर नाय. चारवर "चहा टाक गं". सातवर "काय साहेब, जेवले का?" आठवर "लय भारी". नऊवर विहारातली वंदना. 'हो' म्हणताना नेमकी शेजारच्या कुकरने शिट्टी दिली आणि ती आवाजात शिरली. परत घेऊ म्हटलं, तर तो म्हणाला, राहू दे, घरात कुकर असल्याशिवाय हो म्हणून उपयोग काय. त्यामुळे पुढे कितीतरी वर्षं हा माणूस कुठल्याही गोष्टीला शिट्टीशिवाय होकार देऊ शकला नाही.

शेवटी शून्यावर हसू ठेवायचं होतं. पण हस म्हटल्यावर कोण हसतं? त्याने दोनदा खोटं हसून दाखवलं, ते नाटकातल्या सावकारासारखं आलं. मग भाऊ उठला, माझा पदर म्हणून टॉवेल खांद्यावर टाकला, आणि मी वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांना कशी झापते त्याची नक्कल केली. नवरा पोट धरून हसला. भाऊही स्वतःच्याच नकलेवर हसला. दोघांचं हसणं एकात एक गुंतलं. नंतर कॉम्प्युटरवर ते वेगळं करायचा मी खूप प्रयत्न केला, जमलं नाही. राहू दिलं. तेव्हा त्यात मला गोडवाच वाटला.

प्रोग्रॅम भावाने आणि मी मिळून लिहिला. त्यात अवघड काही नाही, बटण दाबलं की त्याचा आवाज वाजवायचा. त्या काळात बटणांच्या जवळजवळ सगळ्या फोनांत जावा चालायची, कंपनी कुठलीही असो. 'एकदा लिहा, कुठेही चालवा' हे वाक्य मी दरवर्षी पहिल्या तासाला फळ्यावर लिहायची. पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि मला वाटायचं मी त्यांना केवढा मोठा शब्द देतेय. खरी करामत त्या बटणांची होती. पाचच्या बटणावर बोटाला लागेल असं बारीक टेंगूळ असतं. अंगठा त्यावर ठेवला की बाकीची बटणं कुठे आहेत ते न बघता कळतं. बटणं घट्ट होती, जोर दिल्याशिवाय बोलत नसत. नवरा आठवड्याभरात असा तयार झाला की छातीवर हात ठेवून चालताना कापडावरून बोलायचा. परक्याला वाटे, किती आदराने हात हृदयाशी नेतो हा माणूस.

डॉक्टरांनी घशाला टेकवायचं एक यंत्रही दिलं होतं. त्यातून जो आवाज निघाला तो ऐकून आमच्याकडे आलेलं एक तान्हं पोर किंचाळून रडलं. यंत्र डब्यात गेलं ते गेलंच.

आणि हा बाहेर पडला. चौकात चहाच्या टपरीवर, जुन्या मित्रांत, लग्नांत, विहारात. क्रिकेट बघताना आठचं बटण झिजवलं त्याने. रविवारी माइकसमोर फोन धरून नऊ दाबायचा आणि मागून कॉलनी म्हणायची, पहिल्यासारखीच. लोकांना नवल वाटायचं बंद झालं, हेच मला सगळ्यात जास्त आवडलं. घरातून निघताना चष्मा घेतला का विचारावं तसं मी विचारायची, "आवाज घेतला का?" तो दोन दाबायचा. हो आणि शिट्टी.

फोन म्हणजे माणूस नव्हे, तो म्हातारा लवकर होतो. आम्ही त्याचीही सोय केली होती. तस्साच एक नवा फोन आणून ठेवला होता. पण आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे, चांगली वस्तू वापरायची नसते, ठेवायची असते. पाहुण्यांसाठी कपबशा ठेवतात तसा मी तो फोन खोक्यासकट कपाटात, साड्यांच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांशेजारी जपून ठेवला. जुन्याची बटणं झिजून गुळगुळीत झाली तेव्हा मोठ्या थाटात खोकं काढलं. आत बॅटरी भाकरीसारखी फुगलेली, पाठ तडकलेली, आतून हिरवट पाणी सुटलेलं. फोन एकदाही न बोलता मेला होता.

मग एम. जी. रोडच्या वाऱ्या सुरू झाल्या. मोबाईलच्या त्या गल्ल्यांत मला आता नावाने नाही, कामाने ओळखतात. मी लांबून दिसले की दुकानदार हात हलवून सांगायचे, "मॅडम, जुना नाही आला." जुने मिळाले तेही कुणीतरी वापरून फेकलेले. एकाचं सात चालेना, एकाचा स्पीकर सर्दी झाल्यासारखा. प्रत्येक फोन थोडे दिवस काढायचा आणि जायचा. मूळ फोन तेवढा तग धरून होता, पण त्याची बॅटरी टिकेना आणि नकली बॅटऱ्या एका दुपारीत मान टाकायच्या. नवरा विहारात वंदनेच्या मधेच अडकला एकदा. पहिली ओळ झाली, दुसरी आलीच नाही. लोकांनी आपणहून पुढे म्हटलं, कुणी वाईट वाटू दिलं नाही. तो मात्र घरी येईपर्यंत हात छातीवर धरून होता.

अशात भावाचा फोन आला. तो आनंदात होता.

"ताई, आमचा नवीन कीपॅड फोन येतोय. अगदी जुन्यासारखा, बटणं तशीच, बॅटरी दणदणीत. आता एकच ठरायचंय, त्यात जावा ॲप चालू द्यायची की नाही. मीटिंग आहे. मला दाजींचा एक व्हिडिओ काढून पाठव. चालताना, बोलताना. मी सगळ्यांना दाखवतो."

मी फोन स्पीकरवर ठेवला होता. नवऱ्याने ऐकलं आणि लगेच आठ दाबलं, "लय भारी!" भाऊ तिकडे खळखळून हसला.

व्हिडिओसाठी नवऱ्याने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. दाढी केली. गळ्यावरच्या छिद्राला बांधायचा रुमालही नवा घेतला. त्या दिवशी बॅटरीने साथ दिली. तो चौकातून चालला, समोरून येणाऱ्या प्रत्येकाला जय भीम घातला, टपरीवालीकडे चहा मागितला, आणि शेवटी कॅमेऱ्याकडे बघून सात दाबलं, भावासाठी. "काय साहेब, जेवले का?" मी काढलेला तो एकमेव व्हिडिओ, ज्यात माझा हात हलला नाही.

मीटिंग झाल्याचं कळलं. "कसं झालं?" मी विचारलं. "खूप छान झालं ताई. सगळ्यांना फार आवडला व्हिडिओ. एक मॅडम तर रडल्या." बस, एवढंच. मीही अडाणीच, आवडणं आणि ठरणं यांतला फरक मला तेव्हा विचारता आला नाही. कसा विचारणार? आपलाच माणूस तिथे बसलेला. वकील घरचा असल्यावर कुणी निकालाची काळजी करतं का? नवरा मात्र मधूनमधून सात दाबून पुण्याच्या दिशेने बोट करायचा आणि भुवया उडवायचा. साहेबांचा फोन आला का? मी म्हणायची, येईल. भावाचे फोन येतही होते. पाऊस, तब्येत, त्याच्या पोरांचे मार्क, सगळं बोलायचा. त्या एका गोष्टीवर आला की त्याला कुणीतरी दुसऱ्या फोनवर बोलावलेलं असायचं.

फोन बाजारात आला तो मला एम. जी. रोडच्या दुकानदाराने सांगितला. मला बघून तो काउंटरच्या बाहेर आला, "मॅडम, आला तुमचा!" खरंच तोच होता. तोच आकार, तेच टेंगूळ, बटणांना तोच घट्टपणा. नवऱ्याने दुकानातच डोळे मिटून अंगठा फिरवला आणि मान डोलावली. घरी येऊन मी जुन्या फोनचं मेमरी कार्ड त्यात घातलं, प्रोग्रॅमची फाइल निवडली आणि बटण दाबलं.

'ही फाइल उघडता येत नाही.'

मी परत दाबलं. फोन बंद करून चालू केला. फाइल दुसरीकडे ठेवून पाहिली. ज्या बाईने वर्गातल्या पोरांना शिकवलं की तेच तेच बटण दाबून उत्तर बदलत नाही, ती तेच तेच बटण दाबत होती. समोर नवरा इस्त्रीच्या शर्टात बसलेला, खिसा उघडा धरून.

भावाला फोन लावला. "अगं हो, ते नाही ना घेतलं त्यात," तो म्हणाला. जसं काही भाजीत कोथिंबीर नाही घातली. "पण काळजी करू नको, मी येतो. दाजींना टच फोन घेऊन येतो, त्यात सगळं करून देतो. जुन्याच्या शंभरपट भारी."

तो आला, फोन आणला, बसून प्रोग्रॅम केलाही. रंगीत चौकोन, चित्रं, त्यांत तेच साठवलेले आवाज. दिसायला देखणं होतं, खोटं कशाला बोलू. पण काच ती काच. तिला टेंगूळ नाही. फोन खिशातून काढा, उघडा, चष्मा लावा, चौकोन शोधा, तोवर जय भीम घालणारा पुढच्या गल्लीत पोचलेला. नवऱ्याने हातवारे करून हे सांगितलं तेव्हा भावाने त्यावरही तोड काढली. स्क्रीन कायम उघडा राहील असं करून दिलं. "आता खिशातूनच दाबा दाजी, पहिल्यासारखं." आणि संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला. घाईत होता.

पुढचं लिहायला मला जड जातं. आमच्या कॉलनीतला एक जुना सोबती गेला, नवऱ्याच्याच पाळीतला, एकाच डब्यात जेवलेला. विहारात शोकसभा होती. त्याची बायको, मुली समोर बसलेल्या. सगळे एकेक करून फुलं वाहत होते. नवऱ्याची पाळी आली. तो फोटोसमोर वाकला, आणि वाकताना खिशातल्या काचेला छाती टेकली.

फोन हसला.

पोट धरून हसला. दोन माणसांचं एकात एक गुंतलेलं हसणं, त्या शांत हॉलमध्ये, मेलेल्या मित्राच्या फोटोसमोर. तो खिशातून फोन काढायला गेला तर बोटाने परत चौकोन दाबला गेला, हसणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. कुणीतरी येऊन फोन त्याच्या हातातून घेतला. मित्राच्या बायकोने, त्या माउलीने, उठून याचा हात धरला, म्हणाली, "दादा, असू द्या. तुमच्याच हसण्यानं हसायचे ना ते." तिने मोठ्या मनाने सांभाळून घेतलं. पण नवऱ्याच्या चेहऱ्यावर मी जे पाहिलं ते ऑपरेशनच्या दिवशीसुद्धा पाहिलं नव्हतं. बटणांच्या फोनने इतक्या वर्षांत त्याला एकदाही असं उघडं पाडलं नव्हतं.

त्यानंतर तो विहारात जाईना. चौकातही जाईना. कुणी दारावरून जाताना जय भीम घातला तर हात जोडायचा. हात जोडायला काय होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते. त्याने घरात ठेवलेल्या पाटीवर लिहून दाखवलं, "मुका दिसतो." एवढी वर्षं तो मुका नव्हताच, हे मला तेव्हा समजलं.

मी भावाला फोन केला होता तो शोकसभेच्याच दिवशी, विहारातून आल्या आल्या.

"मला एक सांग. दाजींचा व्हिडिओ दाखवलास, सगळे रडले, तरी हे काढून टाका असं म्हणणारा कोण निघाला तिथे? मला त्याचं नाव सांग."

तो म्हणाला, "ताई, चिडू नको. मीच."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. चूक नव्हती. तो समजावून सांगू लागला, हळू आवाजात, एकेक मुद्दा. एवढ्याशा फोनात जागा किती असते. जावाला त्यातली केवढी द्यावी लागते. बॅटरी खाते. जुन्या ॲपमधून नको ते शिरतं, मग म्हाताऱ्या लोकांची फसवणूक होते. प्रत्येक फोनवर तपासायला माणसं लागतात. आणि वापरतं कोण? मी शिक्षिका आहे. उत्तरपत्रिका कितीही नावडत्या पोराची असली तरी बरोबर उत्तराला गुण द्यावे लागतात. त्याच्या प्रत्येक मुद्द्याला मी मनातल्या मनात गुण देत होते, आणि तेच मला सहन होत नव्हतं. चुकला असता तर झापला असता.

"मग व्हिडिओ कशाला मागितलास?"

"कारण कुणीतरी विचारलंच असतं ना, की ज्यांना खरंच गरज आहे त्यांचं काय. म्हणून मीच आधी दाखवला. म्हटलं, याहून अवघड उदाहरण तुम्हाला मिळणार नाही. हे माझेच दाजी आहेत. यांचं मी टच फोनवर एका संध्याकाळी करून देईन. म्हणजे मग बाकी कुणाचा प्रश्नच उरत नाही. सगळ्यांना पटलं."

नवऱ्याने दाढी केली होती, नवा रुमाल बांधला होता, तो यासाठी. आपली बाजू मांडायला म्हणून त्याला तिथे नेलं होतं, आणि तिथे त्याला आपल्याच विरुद्ध साक्षीदार म्हणून उभं केलं होतं. याला मराठीत केसाने गळा कापणं म्हणतात. आणि कापणारा आमच्याच ताटात जेवलेला. कुंपणच शेत खायला लागलं तर शेताने बोंब कुणाकडे मारायची?

मोबाईलमध्ये जुन्या जावा ॲपना जागा असावी की नसावी, यावर मी दोन्ही बाजूंनी तासभर बोलू शकते. पोटापाण्यासाठी तेच केलंय. यंत्रं बदलणार, जुनं जाणार, हे मला कुणी शिकवायला नको. पण घर पाडायच्या आधी आत कोण राहतं ते बघायची रीत असते. बहुतेकांना दिसलंच नसेल, त्यांच्यावर माझा राग नाही. याला दिसत होतं. याने आतल्या माणसाचा हात धरून त्याला खिडकीत आणलं, लोकांना दाखवलं, आणि मग म्हणाला, पाडा. वर आम्हाला महिनोन्महिने वाट पाहायला लावली, कारण खरं सांगायची त्याला लाज वाटत होती. लाज वाटत होती म्हणजे कळत होतं.

फोन स्पीकरवर होता. मला सवयच आहे तशी. मी वळून पाहिलं तेव्हा नवरा दारात उभा होता, हात छातीवर, खिसा रिकामा.

त्याने भावाबद्दल पाटीवर काहीही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने टच फोन खोक्यात घातला आणि कपाटात, साड्यांच्या घडीत ठेवून दिला. आणि काही दिवसांनी जुना मूळ फोन बाहेर काढला. त्याची बॅटरी संपलेलीच होती, पण चार्जरची पिन लावून ठेवली की तो चालायचा, पिन काढली की गप्प. नवऱ्याने विजेचा एक लांब बोर्ड ओढत दारापर्यंत आणला, खुर्ची तिथे टाकली, आणि वायर लावलेला फोन मांडीवर घेऊन बसू लागला. आता त्याचा आवाज भिंतीला बांधलेला होता, दारापर्यंत पोचणारा. जाणारे येणारे थांबून जय भीम घालू लागले. त्याने एवढ्यावर भागवलं.

बुद्धपौर्णिमेला भाऊ दरवर्षी खिरीला येतो. यंदा येणार नाही असं मला वाटलं होतं, पण तो आला. आमच्यात त्या फोननंतर बोलणं नव्हतं. येऊ नको म्हणायला माझी जीभ वळली नाही, आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी आत खीर ढवळत होते. शेजारीण वाटी न्यायला आली होती, जाताना दारात म्हणाली, "जय भीम दादा." फोन खणखणला, "जय भीम!" तिच्या पाठोपाठच भाऊ पायरी चढला. त्याने तो आवाज ऐकला आणि त्याचा चेहरा उजळला. मला खिडकीतून दिसलं, त्याच्या मनावरचं ओझं एकदम उतरलं होतं.

"जय भीम दाजी," तो म्हणाला आणि थांबला.

तो त्याच्या वाक्यासाठी थांबला होता. पहिल्या मुलाखतीपासून या दारात कधी न चुकलेल्या वाक्यासाठी. नवऱ्याचा अंगठा बटणांवर होता. त्याने वर बघितलं, भावाकडे नीट, सावकाश बघितलं. मी हातातला डाव तसाच धरून उभी. अंगठा हलला नाही. शेवटी त्याने दोन्ही हात जोडले, अनोळखी माणसाला जोडावेत तसे, आणि परत मांडीवर ठेवले.

भाऊ खाली वाकला. वायर बघितली, बोर्डाचं बटण बघितलं, पिन हलवून पाहिली. मग घाबऱ्या आवाजात म्हणाला, "काय झालं दाजी, बंद पडला का?"

नवऱ्याने अंगठ्याने पाचवरचं झिजत आलेलं टेंगूळ चाचपलं, तिथून वर एक घर, उजवीकडे एक घर. दाबलं.

"नाय."